मेणबत्ती, ग्लास आणि वही खोडायला लावणारा मेसेज

‘नवीन विज्ञान शिक्षकांसाठी पाच कटू सत्यं’ असा एक मेसेज नागपूरच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरतोय. माझी भाची यंदाच सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायला लागली आहे. ‘मावशी, हे खरं आहे का गं?’ एवढंच लिहून तिने तो पुढे पाठवला. तिच्यासाठी लिहायला घेतलेलं उत्तर लांबलं, म्हणून ते सगळ्यांसाठीच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. शोधातून विज्ञान शिकवणं हे 2020 च्या शैक्षणिक धोरणाने आणलेलं नवं खूळ आहे. त्यात शिक्षकाने काही सांगायचं नसतं, म्हणून ते फसतं. साठ पोट्टे आणि पस्तीस मिनिटांचा तास, यात काही होत नाही. प्रयोगशाळा नसेल तर नाद सोडा, वर्षातून एकदा रमण विज्ञान केंद्रात सहल न्या. आणि दाखवायचाच असेल तर मेणबत्ती-ग्लासचा ‘खात्रीचा’ प्रयोग दाखवा: पाणी एक पंचमांश चढतं, हवेत ऑक्सिजन 21 टक्के हे सिद्ध. पुढे कंसात सल्ला: ‘कमी-जास्त आलं तर खोडून 21 लिहायला सांगा, नाहीतर मुलं गोंधळतात.’

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे चार नुसते चुकीचे आहेत, हा घातक आहे.

ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. इथपर्यंत खरं. पण पाणी चढतं ते ऑक्सिजन ‘संपला’ म्हणून नव्हे. हवेतला ऑक्सिजन 21 वरून साधारण 16 टक्क्यांवर उतरला की मेणबत्ती विझते. म्हणजे बराचसा ऑक्सिजन आतच उरतो. शिवाय जो जळाला त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. मेणाचं रासायनिक सूत्र सी25एच52 धरलं, तर 38 भाग ऑक्सिजन जळून 25 भाग कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो काही क्षणांत पाण्यात विरघळून जात नाही. हिशेब करा: पाच भाग ऑक्सिजन गेला, सव्वातीन भाग दुसरा वायू आला. घट दोन टक्क्यांचीही नाही. मग एवढं पाणी चढतं कशाने? ग्लास ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते. ज्योत विझल्यावर ती थंड होऊन आकसते, आतली वाफही काचेवर दवासारखी जमते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो.

हे मुलांना सांगू नका, त्यांच्याकडून काढून घ्या. एकाच मापाचे तीन ग्लास घ्या, पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन मेणबत्त्या. बोटभर उंचीचे तुकडे, वितळलेल्या मेणाने ताटलीला घट्ट चिकटवलेले. पाण्यात थोडी शाई टाका म्हणजे मागच्या बाकालाही दिसेल. पेटवण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. तीन मेणबत्त्यांच्या ग्लासात पाणी जास्त चढतं. इथे कोणीतरी हमखास म्हणेल, ‘तिघींनी जास्त ऑक्सिजन खाल्ला.’ उत्तर देऊ नका, उलट विचारा: ‘एकीनेच सगळा संपवला म्हणत होतास, मग तिघींना जास्त कुठून मिळाला?’ आणि दुसरा प्रश्न: ‘पाणी नेमकं कधी चढलं?’ पुन्हा करून बघायला लावा. ज्योत जळत असताना पाणी जवळजवळ हलत नाही, कधी तर ग्लासच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. ज्योत विझली की मग ते झपकन वर येतं. ऑक्सिजन कमी होत होता तेव्हा पाणी थांबलेलं, आणि जळणं थांबल्यावर ते चढलं. सातवीतल्या मुलाला यातली गोम कळते.

बिघडतं कुठे? पंख्याने ज्योत विझते, म्हणून पंखा बंद करावा लागतो. नागपुरात एप्रिलमध्ये हे जमायचं नाही, हा तास हिवाळ्यातच घ्या. प्लास्टिकचा ग्लास वितळतो. काचेचा ग्लास ज्योतीला टेकेल इतका आखूड असला तर तडकतो. ओढणी खोचलेली, वेण्या बांधलेल्या आणि हाताशी पाण्याची बादली हवीच.

एक पंचमांश मोजायचाच असेल तर त्याचा प्रामाणिक प्रयोग आहे, फक्त एका दिवसाचा. साध्या लोखंडी तारेची, भांडी घासायची घासणी घ्या, एका परीक्षानळीला ग्रॅमभर पुरे. स्टेनलेस स्टीलची चालत नाही, ती गंजतच नाही. शंका असेल तर तुकडा ओला करून रात्रभर ठेवा. तारेवर तेलाचा थर असतो, म्हणून दोन मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवा, साध्या पाण्यातून काढा, पिळा. व्हिनेगर जास्त राहिलं तर लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि पाणी उलट खाली ढकललं जातं. तार नळीच्या तळाशी सैलसर बसवून नळी पाण्याच्या ग्लासात उपडी ठेवा, बाहेरून आलेख कागदाची पट्टी चिकटवा. शेजारी तशीच एक रिकामी नळी ठेवायला विसरू नका. तापमान दहा अंशांनी बदललं तर हवेचं आकारमान तीन टक्क्यांहून जास्त बदलतं. 15 सेंटिमीटरच्या नळीत हा फरक पाच मिलिमीटरचा, आणि आपल्याकडे हिवाळ्यात सकाळ-दुपारमध्ये तो सहज पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच तासाला मोजा आणि रिकाम्या नळीत पाणी किती हललं ते लक्षात घ्या. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात कुठलाही वायू सोडत नाही, म्हणून पाणी तीन सेंटिमीटरच्या आसपास चढतं. एखाद्या गटाचं 24 मिलिमीटर आलं तर 24 च लिहू द्या आणि त्या गटाला कारण शोधायला लावा: तार तेलकट होती, की नळी ठेवताना एखादा बुडबुडा निसटला? ज्याला 24 खोडून 30 लिहायला लावलं, तो पुन्हा पट्टीकडे बघणार नाही, तुमच्या तोंडाकडे बघेल.

आता बाकीचं. ‘नवं खूळ’ म्हणे. नागपूरहून इटारसीची गाडी धरा, त्याच्या थोडं पुढे मध्य प्रदेशातलंच होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. तिथे 1972 मध्ये सोळा शाळांत, सहावी ते आठवीलाच, असं शिकवणं सुरू झालं. 1978 मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं. सरकारी शाळा, खेड्यातली मुलं, स्वस्त साहित्याच्या पेट्या, आणि परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा. 2002 मध्ये सरकारने ते बंद केलं, हे खरं. पण तीस वर्षं चाललेल्या गोष्टीला 2020 चं खूळ म्हणायला जरा धाडस लागतं.

शिक्षकाने काही सांगायचं नसतं, या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. मुलांना साहित्य देऊन ‘शोधा’ म्हणून मोकळं सोडलं तर ती शिकत नाहीत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये हेच ठासून मांडलं होतं. पण त्यांचा रोख मार्गदर्शन नसण्यावर होता. वरच्या तासात कोणता प्रश्न कधी टाकायचा, कुठे थांबायचं, शेवटी ‘आकुंचन’ हा शब्द कधी द्यायचा, हे सगळं शिक्षकच ठरवतो. व्याख्यानापेक्षा तयारी जास्त लागते. आळशी माणसाचं हे काम नाहीच.

साठ मुलं, पस्तीस मिनिटं: सहा-सहांचे दहा गट. वेळ प्रयोगात जात नाही, साहित्य वाटण्यात जातो. प्रत्येक गटाचं ताट आदल्या सुट्टीतच लावून ठेवा. अंदाज पाच मिनिटं, कृती बारा, चर्चा दहा, आवराआवर पाच. उरलेली तीन गोंधळाला.

आणि प्रयोगशाळा नाही म्हणून सहल? रमण विज्ञान केंद्रात जरूर न्या, पण तिथली बटणं दाबणं म्हणजे शोध नव्हे. शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी करा. सरळ आहे की नाही ते दोऱ्याला नट बांधून ओळंब्याने बघा, आणि पावणेबारा ते पाऊण दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खुणवा. सगळ्यात आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडत नाही. आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे 82.5 अंश रेखांशाचं, आणि नागपूर 79 वर, शिवाय तारखेप्रमाणेही फरक पडतो: फेब्रुवारीच्या मध्यात ती 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमारास येते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्याही किंचित आधी. 22 डिसेंबरला इथे तिची लांबी 99 सेंटिमीटरच्या आसपास भरते, जवळजवळ काठीएवढीच. वेळ 12 वाजून 12 मिनिटं. त्या दिवशी रविवार येत नाही ना, तेवढं आधी बघून ठेवा.