‘तुमचं कपट फार मोठं’ हे कोण म्हणतं?

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कुरआनातल्या सूरह यूसुफला, म्हणजे यूसुफ पैगंबरांच्या अध्यायाला, मी माझ्या लेखात क्षमेची कथा म्हटलं, पण ‘तुम्हा बायकांचं कपट फार मोठं’ ही २८वी आयत (वचन) सोयीने गाळली, असं तुमचं म्हणणं. गाळली हे खरं, चूक माझी. पण ही सूरह बायकांना कपटी ठरवते, हे मात्र मला पटत नाही.

ते वाक्य कुठे येतं बघा. भावांनी विहिरीत टाकलेले यूसुफ मिसरमध्ये एका अधिकाऱ्याच्या घरी विकले गेलेत. त्या अधिकाऱ्याची बायको त्यांना मोहात पाडू पाहते, ते दाराकडे पळतात, ती मागून ओढते. दारात नवरा उभा आहे. यूसुफ यांची कमीस (सदरा) फाटलेली आहे. बाईच्याच घरातला एक जण म्हणतो, पुढून फाटली असेल तर ती खरी, मागून फाटली असेल तर ते खरे. कमीस मागून फाटलेली निघते आणि तो उद्गार बाहेर पडतो. बोलणारा तिचा नवरा आहे. काही मुफस्सिर (कुरआनाचे भाष्यकार) म्हणतात, तो साक्षीदार. अल्लाहचा निवाडा म्हणून ते आलेलंच नाही.

मूळ शब्द आहे ‘कैद’ (तुरुंगातली कैद वेगळी), म्हणजे डाव. ५व्या आयतीत यूसुफ यांचे वडील याकूब हाच शब्द मुलांबद्दल वापरतात: स्वप्न भावांना सांगू नकोस, ते तुझ्याविरुद्ध डाव रचतील. आणि ७६व्या आयतीत, यूसुफ यांनीच धाकट्या भावाच्या सामानात ठेवलेला राजाचा प्याला सापडल्यावर, अल्लाह म्हणतो, यूसुफसाठी असा डाव आम्ही रचला! मग हा शब्द एकट्या बाईच्या माथी कसा मारायचा?

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात ही बाई खोटा आळ घेते आणि कथेतून नाहीशी होते. कुरआनात ती परत येते. ५१व्या आयतीत ती सगळ्यांदेखत सांगते की आता सत्य उघड झालं, मोहात पाडू पाहणारी मीच होते. ‘मन वाईटाकडेच ओढतं’ ही ५३वी आयत अनेक जण यूसुफ यांच्या तोंडची मानतात. मुफस्सिर इब्न कसीर तीही तिचीच धरतात. २९व्या आयतीत नवरा तिला ज्या शब्दाने चुकलेली म्हणतो, त्याच शब्दाने ९१व्या आयतीत भाऊ स्वतःची चूक कबूल करतात.

भावांना यूसुफ यांच्याकडून लगेच उत्तर मिळतं, ‘आज तुमच्यावर काही ठपका नाही.’ तिला असं कुणी म्हटल्याचं सूरहत येत नाही. तिथे तुमचं बोट बरोबर पडलंय, मीही तिथेच अडतो. आणि २८वी आयत म्हणीसारखी बायकांच्या तोंडावर फेकणारे लोक मीही ऐकलेत. त्यांच्यावरचा तुमचा राग रास्त आहे.

मूळ लेखात ती आयत आजच घातली आहे.