चार मिलिमीटरचा नातेवाईक

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाने मधली झूम घ्यायचं ठरवलं की आधी त्याची झोप जाते, मग चांगले मित्र जातात, आणि लेन्स सगळ्यात शेवटी येते. मधली झूम म्हणजे २४-७०, २८-७५, २४-१०५ ही सगळी मंडळी (आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये; आकडा लहान तितकं जास्त रुंद दृश्य मावतं, मोठा तितका चेहरा जवळ येतो). लग्नाच्या दिवशी निम्म्याच्या वर वेळ कॅमेऱ्याच्या बॉडीवर हीच चढलेली असते, त्यामुळे ती निवडताना घाई करू नये असं सगळे सांगतात आणि मी त्यांचं जरा जास्तच मनावर घेतलं.

माझी जुनी झूम म्हातारी झाली होती. कमी उजेडात नवरा-नवरी सोडून मागचं झुंबर फोकस करायची. झुंबर सुंदर यायचं, नाही असं नाही, पण अल्बमला पैसे नवरीकडचे देतात, झुंबरवाला देत नाही.

तर सुरुवात अपर्चरपासून, म्हणजे लेन्समध्ये उजेड आत घेणाऱ्या भोकापासून; आकडा लहान तितकं भोक मोठं. २.८ वाल्यांचा एक पंथ आणि ४ वाल्यांचा दुसरा. ४ वाले म्हणतात २४-१०५ घे, रेंज बघ ना, स्टेजच्या खालून सुद्धा चेहरा मिळतो, शिवाय स्टॅबिलायझर आहे. खरंय. पण २.८ वरून ४ वर आलात की उजेड निम्मा, म्हणजे जिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ३२०० ने भागत होतं तिथे ६४००, आणि हॉलवाल्याने ऐन वेळी लाइट डिम करून निळा-जांभळा प्रकाश सोडला की विचारूच नका. आणि स्टॅबिलायझर काय करतो, तर माझा हात हलला तर सांभाळून घेतो. नाचणाऱ्या नवरीच्या भावाला तो धरून ठेवू शकत नाही, तो हलतोच, त्याला शटर स्पीडच लागतो आणि शटर स्पीडला उजेड लागतो. गंमत म्हणजे २.८ साठी एवढं भांडून शेवटी ग्रुप फोटोला सगळे ५.६ वरच जातात, कारण २.८ वर पुढची रांग शार्प आणि मागच्या रांगेतले सासरे धूसर, हे कोणी सहन करत नाही, विशेषतः सासरे.

मग एक प्राइमवाला, म्हणजे झूमच न होणाऱ्या लेन्सवाला, मित्र भेटला. असा एक प्रत्येकाला असतो. "झूम कशाला घेतोस रे, ३५ आणि ८५ घे, दोन बॉड्या गळ्यात घाल आणि पायाने झूम कर." पायाने झूम! भावा, माझ्या पुढे मोबाइल वर धरलेली पोरं, मागे व्हिडिओवाल्याचा लाइट स्टँड, डावीकडे सोफा आणि उजवीकडे स्टेज संपतं. पाय कुठे टाकू ते सांग, मग करतो झूम.

वजनाचा मुद्दा मी आधी हसण्यावारी नेत होतो. मग एका सीनियर सरांनी त्यांची कॅननची २८-७० एफ २ हातात दिली. २०१८ ला आलेली लेन्स, १४३० ग्रॅम, पुढे ९५ मिलिमीटरचा फिल्टर. आतून फोटो असा दिसतो की तीन प्राइम विकून टाकाव्यात. "सर, भारी आहे हो!" म्हटलं. ते म्हणाले, "सकाळी भारी वाटते, रात्री भारी पडते," आणि मनगटाचा पट्टा दाखवला. तेव्हापासून मी ग्रॅम बघायला लागलो. सोनीची २०१६ ची २४-७० जीएम ८८६ ग्रॅम होती, २०२२ ची दुसरी ६९५ वर आली, आणि टॅमरॉनची २८-७५ जी२ तर ५४० च. आता ६९५ आणि ५४० मध्ये फरक तो किती, दीडशे ग्रॅम, असं खुर्चीत बसून वाटतं. लग्नात खुर्ची मिळत नाही.

रिव्ह्यू म्हणाल तर मी इतके बघितलेत की एका बाबाच्या घरासमोरची विटांची भिंत मला तोंडपाठ झालीय. तो दर लेन्सने तीच भिंत काढतो आणि मग डावा वरचा कोपरा चारशे टक्के मोठा करून दाखवतो की बघा, इथे किंचित सॉफ्ट आहे. अरे माझ्या फोटोंच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पडदा असतो आणि खालच्या कोपऱ्यात कोणाची तरी पर्स. सॉफ्ट असली तर उलट बरंच आहे. आणि मुख्य म्हणजे त्या विटांनी आजवर कुणाला "मी एवढी रुंद दिसते का रे?" असं विचारलेलं नाही.

मावशींनी विचारलं. एका लग्नातला फॅमिली फोटो, खोली अरुंद, पाठ भिंतीला टेकलेली, म्हणून २४ वर काढलेला. वाइड लेन्सचं असं असतं की सरळ रेषा सरळ ठेवायच्या नादात ती कडेच्या गोष्टी बाहेरच्या बाजूला ताणते, म्हणजे मधले नवरा-नवरी झकास, आणि टोकाला उभ्या मावशी आडव्या वाढलेल्या. मी ऑप्टिक्स समजावायला गेलो. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुला माहीत होतं."

त्या रात्री मी कागद घेऊन गणित मांडलं. फुल फ्रेमचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. तीन मीटरवरून २४ ने साडेचार मीटर रुंदी बसते. तिथूनच २८ ने बसते ३ मीटर ८६ सेंटिमीटर. फरक ६४ सेंटिमीटर, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभा असलेला एक माणूस, फार तर दीड. म्हणजे २४ की २८ हा जो प्रश्न लोक कोपऱ्यांचा शार्पनेस बघून सोडवतात तो खरा असा आहे की २४ घेतली तर काका आत येतात पण मावशी ताणल्या जातात, आणि २८ घेतली तर मावशी टोकालाही पुष्कळ सुसह्य दिसतात पण काका फ्रेमच्या बाहेर. काकांना आत घ्यायचं तर अर्धा मीटर मागे सरकायचं, आणि मागे भिंत आहे हे आपलं आधीच बोलून झालंय. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात या काकांसाठी रकानाच नाही. (त्याहून लहान अशा क्रॉप सेन्सरवर हीच २४-७० साधारण ३६-१०५ सारखी वागते. मग काका, काकू आणि काकांकडचे सगळेच बाहेर. क्रॉपवाल्यांनी सरळ १७-५५ च्या जातीची बघावी.)

मध्येच सेकंडहँडचाही मोह झाला. एकाने सांगितलं, "एकदम मिंट आहे, फक्त घरातच वापरलीय." २४-७० घरात कोण वापरतं? मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघितलं तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस. तो म्हणाला फोटोत येत नाही. समोरून लाइट आला की येते, सगळा फोटो दुधाळ होतो, आणि लग्नात समोरून लाइट येण्यासाठी व्हिडिओवाला पगारी माणूस ठेवतो.

शेवटी उत्तर मिळालं ते स्वतःच्याच हार्ड डिस्कमध्ये. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थचा फिल्टर असतो, जुन्या लग्नांचे फोटो त्यातून गाळले. वाटलं होतं की मी २४ वर जगतो. प्रत्यक्षात ढीग होता ७० वर, दुसरा ढीग ३५ च्या आसपास, मधे चाळीस-पन्नासला शुकशुकाट, आणि २४ वर जे होते त्यातले बरेचसे रिकाम्या हॉलचे, पाहुणे यायच्या आधीचे. हॉलला मावशी नसतात. तो दुसऱ्या बॉडीवर जुनी २० ची प्राइम लावूनही निघतो, काकासुद्धा निघतील, फक्त त्यांना मधे उभं करायचं आणि टोकाला एखादा सडपातळ भाचा.

२८-७५ घेतली. उजेड आहे, मनगट शाबूत आहे, अंधारातही डोळ्यावरचा फोकस सोडत नाही. एकच झालं. झूम रिंग फिरायची दिशा सगळ्या कंपन्यांची एक नसते, कॅनन आणि निकॉनचीच एकमेकांच्या उलट आहे, आणि माझ्या जुनीच्या बरोबर उलट ही नवी फिरते. नवरीची एन्ट्री, दार उघडलं, चेहरा जवळ घ्यायला रिंग फिरवली तर नवरी भर्रकन लांब गेली आणि फ्रेममध्ये व्हिडिओवाल्याची पाठ, दोन स्पीकर आणि एसीचा डक्ट. हाताला सवय होईल म्हणतात काही लग्नांनी. तोवर एन्ट्रीच्या आधीच ७५ वर लावून ठेवतो, रिंगला बोट लावत नाही आणि पायाने पुढेमागे होतो. प्राइमवाल्याला हे कोणी सांगू नका.