अर्ध्या सेंटापासून गाव वाचवण्याची रीत

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, गव्हाच्या शेतांपलीकडे धान्याचे कोठार आणि पाण्याची टाकी एवढ्या दोनच उंच वस्तू दिसतात अशा एखाद्या काउंटीत आपण स्थायिक झाला असाल, नागरिकत्व घेऊन मतदारयादीत नावही नोंदवले असेल, तर आज ना उद्या आपल्या मतपत्रिकेवर एक प्रश्न येणार आहे. काउंटीतले इस्पितळ चालू राहावे म्हणून अर्धा टक्का, म्हणजे डॉलरमागे अर्धा सेंट, विक्रीकर लावावा काय, असा तो प्रश्न असतो. तो वकिलाने लिहिलेला असल्यामुळे एका वाक्यात अर्धे पान व्यापतो आणि त्याच्या शेवटी ‘होय’ व ‘नाही’ असे दोन चौकोन असतात. अशा प्रसंगी जाणत्या माणसाने कसे वागावे हे सांगणारे मराठीत काहीच उपलब्ध नसल्याने, या देशात राहून मी जे शिकलो ते आपल्यासमोर ठेवतो.

सर्वप्रथम ‘कर’ हा शब्द दिसताच संतापावे. मुंबईच्या जकात नाक्यांवर वर्षानुवर्षे ट्रकांच्या रांगा लागत. पण जकात द्यायची की नाही हे आपल्याला कोणी कधी विचारले नव्हते, आणि 1 जुलै 2017 रोजी ती गेली तेव्हाही विचारले नाही. इथे मात्र कर लावण्याआधी परवानगी मागतात. ज्याला न विचारता घेता आले असते तो विचारतो आहे, म्हणजे त्याची बाजू लंगडी असली पाहिजे, हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाच्या लगेच लक्षात यावे.

हिशेब मात्र करू नये. अर्धा टक्का म्हणजे शंभर डॉलरच्या वाणसामानावर 50 सेंट, आणि वर्षाकाठी वीस हजार डॉलरची करपात्र खरेदी करणाऱ्या घरावर शंभर डॉलर, असे कोणी सांगू लागल्यास विषय बदलावा. त्याऐवजी करातून संपूर्ण काउंटीत दहा वर्षांत किती लाख जमा होतील तो आकडा विचारावा, तो मोठ्याने उच्चारावा आणि थोडा वेळ काहीच बोलू नये. दरम्यान आपल्या फ्रिजवर हवाई रुग्णवाहिकेच्या वार्षिक वर्गणीचे चुंबकी कार्ड असेल, तर पाहुणे येण्यापूर्वी ते काढून ठेवावे. इस्पितळ दूर असल्यास हेलिकॉप्टरची वर्गणी भरणे हा शहाणपणा असतो आणि ते जवळ राहावे म्हणून पैसे देणे ही लूट असते, हा सूक्ष्म भेद सर्वांनाच उमगतो असे नाही.

मतदानाआधी न्यायालयाच्या इमारतीत किंवा चर्चच्या तळघरात एक सभा होते. घडीच्या खुर्च्या, पुठ्ठ्याच्या पेल्यातली पातळ कॉफी, भिंतीवर किंचित तिरका पडलेला हिशेबाचा तक्ता आणि त्यासमोर इस्पितळाची प्रशासक बाई. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून विरघळू नये. प्रश्नोत्तरे सुरू होताच उठून, बियाण्याच्या कंपनीची टोपी काढून हातात धरावी आणि शांतपणे विचारावे, “बाई, इस्पितळ धंद्यासारखे का चालवत नाही?” या प्रश्नाला टाळ्या हमखास पडतात. मी तीन सभा पाहिल्या आहेत आणि तिन्ही ठिकाणी पडल्या.

टाळ्या विरायच्या आत खाली बसावे, कारण त्यानंतर ती बाई तो धंदा समजावून सांगू लागते आणि ते ऐकणे सोयीचे नसते. 1997 च्या कायद्याने अशा लहान इस्पितळांसाठी ‘क्रिटिकल अ‍ॅक्सेस’ नावाचा वर्ग निर्माण केला. त्यात खाटा जास्तीत जास्त 25 (आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयातसुद्धा 30 असतात), दाखल रुग्णाचा मुक्काम सरासरी 96 तासांच्या आत आणि दारावर इमर्जन्सी रूम चोवीस तास उघडी. बदल्यात मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, खर्चाच्या 101 टक्के रक्कम देईल असे पुढे ठरले. हा एक टक्का नफा कोणाच्या तरी डोळ्यांत खुपला असावा. 2013 पासून सरसकट दोन टक्के कपात सुरू झाली आणि प्रत्यक्षात हाती साधारण 99 पडू लागले. त्याच म्हाताऱ्यांना टीव्हीवर जाहिराती दाखवून खासगी कंपन्यांनी आपल्या पर्यायी विम्याकडे, म्हणजे मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजकडे वळवले की तेवढ्याचीही खात्री राहत नाही, कारण त्या कंपन्यांना 101 टक्क्यांचे ते बंधन लागू नाही. याशिवाय 1986 च्या कायद्यानुसार इमर्जन्सी रूमच्या दारात आलेल्या प्रत्येक माणसाला, त्याच्या खिशात दमडी असो वा नसो, तपासावे आणि सावरावे लागते. आता ज्या दुकानाचे मुख्य गिऱ्हाईक शंभराच्या मालाला नव्याण्णव देते, ज्याला फुकट मागणाऱ्याला परत पाठवता येत नाही आणि जे गिऱ्हाईक नसताना मध्यरात्रीही दिवे लावून बसते, ते दुकान धंद्यासारखे चालवायचे म्हणजे पहिल्याच दिवशी कुलूप लावायचे. पण हे सभेत बोलून दाखवू नये. लोक कॉफी प्यायला आलेले असतात.

सभेनंतर कोणत्या बाजूने बोलावे हे आपल्याकडे जमीन किती आहे यावर ठरवावे. इस्पितळाला पैसा देण्याचा दुसरा मार्ग मालमत्ता कराचा आहे आणि तो जमीनवाल्यावर पडतो. म्हणून आपण दोन हजार एकरांचे धनी असाल तर विक्रीकराची मनापासून स्तुती करावी. “हा कर सगळेच भरतात, वाटेवरून जाणारा परगावचा प्रवासीसुद्धा भरतो,” हे वाक्य पाठ करून ठेवावे. ते खरेही आहे. कॅन्ससमध्ये शेतीच्या यंत्रांवर विक्रीकर नाही, हे मात्र पाठ करण्याची गरज नाही. राज्याने अन्नपदार्थांवरचा आपला विक्रीकर 6.5 टक्क्यांवरून उतरवत 1 जानेवारी 2025 रोजी शून्यावर आणला, त्याचा समारंभपूर्वक गाजावाजा झाला. गावाचा आणि काउंटीचा स्थानिक विक्रीकर मात्र त्याच अन्नावर कायम राहिला. त्यामुळे लाखो डॉलरचे कापणी यंत्र इस्पितळाला एक सेंटही न देता शेतात उतरते, आणि त्याच शेतातल्या गव्हाचा पाव दुकानातून घरी नेणारी, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी बाई इस्पितळ चालवते. मी एकदा पावतीवर पावाखालची ती कराची ओळ बोटाने दाखवून दुकानदाराला याविषयी विचारले. त्याने पावती उलटी करून पुढच्या आठवड्याचे कूपन दाखवले.

आता एक नाजूक सूचना, जिच्यावर बाकी सर्व अवलंबून आहे. अर्ध्या सेंटाविषयी बोलताना मेडिकेडचे नाव चुकूनही काढू नये. मेडिकेड हा गरिबांचा विमा आहे. त्याची व्याप्ती वाढवली तर नव्या लाभार्थ्यांच्या खर्चातले डॉलरमागे किमान 90 सेंट वॉशिंग्टन देईल, अशी तरतूद ओबामांच्या कायद्यात होती आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. कॅन्ससच्या विधिमंडळानेही 2017 मध्ये तसे विधेयक मंजूर केले होते. राज्यपाल ब्राउनबॅक यांनी ते नाकारले आणि नकार उलटवायला प्रतिनिधीगृहात 84 मते लागत असताना 81 पडली. तीन मते कमी पडल्यामुळे राज्याचे स्वातंत्र्य वाचले. पुढे 2019 मध्ये राज्यपाल झालेल्या लॉरा केली यांनी हा प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडला आणि तो पुन्हा पुन्हा अडला. म्हणजे नव्वद सेंट बाणेदारपणे परत पाठवायचे आणि मग गावातल्या गावात डॉलरमागे अर्धा सेंट मागत फिरायचे, हा व्यवहार आपण केला आहे. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात बोललात तर ऐकणाऱ्याला हसू येईल, आणि मतदानाच्या हंगामात हसू फार घातक असते. नव्वद सेंटांची गोष्ट राजधानी टोपिकात बोलावी, अर्ध्या सेंटाची चर्चच्या तळघरात. मध्ये बरेच मैल आहेत, ते उपयोगी पडतात.

कोणी खोचकपणे वॉशिंग्टनकडे बोट दाखवलेच, तर जुलै 2025 च्या कायद्यात ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत 50 अब्ज डॉलर ठेवले आहेत, हे अभिमानाने सांगावे. त्याच कायद्याने दहा वर्षांत मेडिकेडमधून सुमारे नऊशे अब्ज काढून घेतले जाणार आहेत, हे दुसऱ्या पानावर असते.

आपल्यापैकी कित्येकांचा या प्रकरणाशी रक्ताचा संबंध असतो, तो असा. गावातला डॉक्टर पुष्कळदा आपलाच निघतो. परदेशातून जे-1 व्हिसावर प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरला एरवी दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. पण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा केल्यास ती अट माफ होते आणि प्रत्येक राज्याला वर्षाला अशा 30 सवलती देता येतात. नागपूरच्या किंवा मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाँडच्या नोकरीसाठी गडचिरोलीचे नाव निघाले म्हणून हळहळलेला एखादा तरुण अशा रीतीने, शेजारी कोणी मराठी तर सोडाच, दोन मैलांत कोणी माणूसच नाही अशा ठिकाणी आनंदाने हजर होतो. त्याला गणपतीच्या आरतीला अडीचशे मैलांवरच्या विचिटाला जरूर बोलवावे, पिठले-भाकरी खाऊ घालावी, आईची चौकशी करावी. परंतु त्याच्या पगाराचा भार वाहणाऱ्या कराविषयी आपण काय ठरवले आहे हे त्याला सांगू नये. विचारलेच तर “बघू या” म्हणावे. पिढ्यान् पिढ्या आपल्याला या दोन शब्दांनी तारले आहे.

कर मंजूर झाल्यास निराश होण्याचे कारण नाही. विक्रीकर विक्रीवर असतो, आणि विक्री गावात झाली तरच गावाला मिळतो. तेव्हा आठवड्याची खरेदी शनिवारी मोठ्या गावी जाऊन घाऊक दुकानातून करावी, म्हणजे आपला अर्धा सेंट तिथल्या पदपथांच्या आणि कारंज्यांच्या कामी येईल. पूर्वी घरबसल्या ऑनलाइन मागवूनही हे साधत असे; 2018 मध्ये साउथ डकोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरच्या विक्रेत्यांकडूनही कर वसूल करण्याची मुभा राज्यांना दिली आणि ती सोय बरीचशी गेली. गाडी काढून बाहेरगावी जाण्याचे स्वातंत्र्य मात्र अबाधित आहे. येताना गावच्या किराणा दुकानावर ‘स्थानिक खरेदी करा’ अशी पाटी दिसली तर हॉर्न वाजवून पाठिंबा द्यावा.

कर नामंजूर झाला तर मात्र पुढचे सगळे आपोआप होते, आपल्याला काही करावे लागत नाही. इस्पितळ एकदम बंद पडत नाही. आधी प्रसूतिकक्ष जातो, कारण प्रसूतीला डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका सदैव तयार ठेवाव्या लागतात आणि बाळे त्या मानाने थोडी येतात. मग शल्यचिकित्सा जाते. नोकऱ्या गेल्या की परिचारिकांची कुटुंबे जातात, त्यांच्यामागे शाळेतला एखादा वर्ग जातो, आणि मग गावात नवे लोक का येत नाहीत यावर विचार करायला त्याच घडीच्या खुर्च्या पुन्हा मांडल्या जातात. याच राज्याच्या पूर्व टोकाला फोर्ट स्कॉट नावाचे गाव आहे. तिथले मर्सी इस्पितळ 1886 पासून चालू होते. 1893 ची मंदी, दोन महायुद्धे आणि 1930 च्या दशकातल्या ‘डस्ट बोल’ दुष्काळाची धूळ त्याने पाहिली. 2018 च्या 31 डिसेंबरला त्याचे दरवाजे बंद झाले. त्या गावात जेमतेम आठ हजार वस्ती आहे, म्हणजे आपल्या गावापेक्षा मोठे. तेव्हा मोठ्या गावाला जे जमले ते आपल्याला अधिक सहज जमेल.

इस्पितळ बंद झाल्यावर इमारतीचे काय करायचे याविषयी सूचनांचा तोटा नसतो. समोर हिरवळीचा तुकडा असतो, त्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्या पाट्या अजून उभ्या असतात; त्यांच्या तारा काढून ठेवाव्यात, टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून उपयोगी पडतात.

राहता राहिला एकच प्रसंग. पहाटे दोनला आपल्या छातीत दुखू लागले तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. ती चालवणारे स्वयंसेवक कष्टाळू आहेत, पण काउंटीत गाडी बहुधा एकच असते आणि ती दुसऱ्या कोणाला घेऊन सत्तर मैलांवर गेलेली असू शकते. शिवाय अनपेक्षित बिलांपासून संरक्षण देणारा जो कायदा 2022 मध्ये लागू झाला, त्यात हेलिकॉप्टर आहे, रस्त्यावरून धावणारी रुग्णवाहिका नाही. तेव्हा पत्नीला गाडी काढायला सांगावे आणि जुन्या इस्पितळाच्या अंधाऱ्या वाहनतळावरून उजवीकडे वळून महामार्गाला लागावे. टाकी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलेली बरी, कारण गावातला पंप दहाला बंद होतो. तिथे ‘होय’वाल्यांपैकी कोणी भेटले तरी संकोच वाटून घेऊ नये, कॅन्ससमध्ये पेट्रोलवर विक्रीकर लागत नाही.