तर्जनी चौदा टक्के

माझ्याकडे जे मशीन आहे त्याला टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) म्हणणं हा टेबलाचाही अपमान आहे आणि सॉचाही. १९ एमएमच्या प्लायला मधोमध चीर पाडलीये, खालून सात इंची हॅन्ड कटर उलटा करून स्क्रूने आवळलाय, त्याचं बटण केबल टायने कायमचं दाबून ठेवलंय आणि चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या स्विचने, जो नेमका ब्लेडच्या पलीकडे आहे, म्हणजे बंद करायचं तर हात फिरत्या ब्लेडवरूनच न्यायचा. गार्ड वगैरे भानगड नाही. आमच्या मेस्त्रींनी बनवून दिलंय, मध्ये चहा पिऊन. मुंबईत कुठेही फ्लॅटचं फर्निचर चालू असेल तिथे डोकावून बघा, असाच उलटा कटर फळीत बसवलेला दिसेल आणि त्याच्यासमोर पायात स्लिपर घालून उभा असलेला एक अत्यंत शांत माणूस.

मी सुतार नाही. मी बँकेत आहे. मुलुंडला तळमजल्यावर राहते, मागे ओटा आहे, वर पत्रा आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी चौरंग, पाट, मसाल्याच्या डब्यांची मांडणी असलं काहीबाही करत बसते. लाकडाला तोटा नाही कारण आजूबाजूची प्रत्येक बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये आणि जुन्या सागवानी चौकटी भंगारात निघतात, असलं सागवान आता दुकानात मागितलं तर दुकानदार आधी आपल्याला खालपासून वरपर्यंत बघतो. नातेवाइकांना माझ्या हौसेचं फार कौतुक आहे, ते म्हणतात एवढा वेळ असेल तर पीएचडी का करत नाहीस.

तर झालं असं की एक सागवानी पट्टी उभी चिरत होते. जुनं लाकूड, आतमध्ये पन्नास-साठ वर्षांचा ताण भरलेला, चिरता चिरता ब्लेडच्या मागे ती चीर मिटली. आता ब्लेडचे पुढचे दात खाली जात असतात पण मागचे दात वर येत असतात, त्यांनी लाकूड पकडलं की ते लाकूड उचलून सरळ तुमच्याकडे फेकतात, याला किकबॅक म्हणतात. सात इंची ब्लेड मिनिटाला पाच हजार फेरे मारत असेल तर दातांचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास भरतो, हा हिशोब मी नंतर केला. पट्टी माझ्या कमरेच्या बाजूने सूं करून गेली आणि मागच्या लोखंडी दारावर धाडकन आपटली. दाराच्या पत्र्याला पोचा आला, रंगाचा टवका उडाला आणि आतून सासूबाई म्हणाल्या, ‘कुरिअरवाला आला असेल, बघ गं.’

त्या रात्री घरात जाहीर केलं की मशीन बदलायचं. सेफ्टीवालं घ्यायचं. नवं परवडणार नाही म्हणून जुनं.

आणि अगदी वेळेवर जाहिरात सापडली. घोडबंदर रोडचे एक गृहस्थ, अमेरिकेतून कायमचे परत आलेले, येताना कंटेनरमधून अख्खा संसार आणलेला, त्यात एक सॉस्टॉप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे ते मशीन जे बोट ओळखतं. ब्लेडवर एक बारीकसा विजेचा सिग्नल सोडलेला असतो, सुकं लाकूड लागलं तर त्या सिग्नलला फरक पडत नाही, पण माणसाचं शरीर वीज वाहतं, बोट लागलं की सिग्नल घसरतो आणि स्प्रिंगने एक ॲल्युमिनियमचा ठोकळा थेट फिरत्या दातांमध्ये घुसतो. ब्लेड पाच मिलिसेकंदांच्या आत थांबतं आणि शिवाय टेबलाच्या खाली गडप होतं. पापणी लवायला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो. बोटावर ओरखडा.

याचा शोध लावणारा स्टीव्ह गॅस नावाचा माणूस, फिजिक्समध्ये पीएचडी आणि धंद्याने पेटंटचा वकील (हे कॉम्बिनेशन ऐकूनच मोठ्या कंपन्यांनी सावध व्हायला हवं होतं), हौशी सुतार. १९९९ च्या सुमाराला कल्पना सुचली, डेमोला हॉट डॉगचं सॉसेज वापरायचा, नंतर स्वतःचं बोट घातलं. खरंच घातलं. तरीही मशीनवाल्या कंपन्यांनी लायसन्स घेतलं नाही म्हणून पठ्ठ्याने स्वतःची कंपनी काढली आणि २००४ पासून मशीनं विकायला लागला. पुढे २०१५ मध्ये बॉशने स्वतःचं वेगळं जाहीर केलं, त्यात ब्लेड नुसतं खाली पडायचं, खराब व्हायचं नाही, तर पेटंटवरून केस झाली आणि २०१७ मध्ये अमेरिकेत त्याच्या आयातीवर बंदी आली. बोटं वाचवण्यावरून एवढी भांडणं जगात दुसरीकडे कुठे झाली असतील असं वाटत नाही.

त्या गृहस्थांच्या सॉस्टॉपची किंमत नव्वद हजार. व्होल्टेज वेगळं.

इथून घरात चर्चासत्र सुरू झालं. नवरा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत पर्सोनेलला आहे, त्याने भावनेला हात न घालता सरळ कायदा काढला. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा, कामगारांचा, (२०२५ मध्ये तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला), त्याला शेवटी एक यादी जोडलेली होती, कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं त्याची. अंगठा ३० टक्के. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. आणि अख्खं बोट नको असेल तर पेराचेही रेट होते, तर्जनीचं एक पेर ९ टक्के, हाड न जाता नुसतं टोक उडालं तर ५. तो हे आम्हाला जेवताना वाचून दाखवत होता आणि मी भेंडी चिरल्याचा मला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

‘म्हणजे नव्वद हजार भागिले चौदा...’ तो म्हणाला.

‘मला किती मिळतील?’

‘तुला? तू कामगार कुठे आहेस. तू हौशी. तुला शून्य.’

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना विचारलं. मेस्त्री कणकवलीकडचे, तीस-पस्तीस वर्षं हाच धंदा. म्हणाले, ‘काय होवचा नाय, वहिनी. मशीनीक घाबरला की मशीन चावता.’ आणि हे सांगताना त्यांनी मशीनकडे जे बोट केलं त्याला वरचं पेर नव्हतं. मी त्या बोटाकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं तर म्हणाले, ‘ता काय करवतीन गेला नाय. ता रंध्यान गेला.’ म्हणजे आमच्या केसमध्ये ते धरायचंच नाही. नऊ टक्के, माझ्या डोक्यात आपोआप आलं, आणि आता हा रोग जडलाच, ट्रेनमध्ये वरची कडी धरलेले हात दिसले तरी मी टक्के मोजते.

सासूबाईंनी वेगळीच बाजू लावून धरली. आधी म्हणाल्या हातमोजे घाल, झालं. आता टेबल सॉवर हातमोजे घालायचे नसतात, दाताने कापड पकडलं की ते हातासकट आत ओढलं जातं, तसंच ओढणी, लांब बाह्या, बांगड्या, गळ्यात लोंबणारं काहीही नको. ‘काहीही म्हणजे?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं मंगळसूत्रसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे बघितलं, जो अजून भागाकार करत होता, आणि म्हणाल्या, ‘काढून ठेव बाई.’

बरं, त्यांना त्या बोट ओळखणाऱ्या मशीनचं भारी कुतूहल. ‘सॉसेजला थांबतं ते आपल्याला दाखवतील का?’ मी म्हटलं श्रावण चालू आहे. तर म्हणाल्या मग कशानेही दाखवू देत. आणि इथेच खरी गोम आहे, जी मला घोडबंदर रोडला जाऊन त्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर कळली. तो ब्रेक एकदाच वापरता येतो. एकदा उडाला की ठोकळ्याची कार्ट्रिज बाद आणि ब्लेडही बहुतेक बाद. कार्ट्रिज शंभर डॉलरच्या घरात, ब्लेड वेगळं. मग मशीन जुनं घेताना तपासायचं कसं? मोटर चालवून बघता येते, टेबल सपाट आहे का ते पट्टी ठेवून बघता येतं, फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची पट्टी, ब्लेडला समांतर आहे का बघता येतं, फक्त ज्या एका गोष्टीसाठी आपण नव्वद हजार मोजतोय ती बघता येत नाही. गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, ‘हिरवा दिवा लागलाय ना, म्हणजे सिस्टिम ओके.’ आपल्याकडे लिफ्टलाही हिरवा दिवा असतो.

शिवाय ते १२० व्होल्टचं मशीन, आपल्याकडे २३०. म्हणजे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, पंधरा अँपियर खेचणाऱ्या मोटरला तीन केव्हीएचा तरी हवा, तो उचलायला दोन माणसं. ओट्यावर आधी मशीन, मग ट्रान्सफॉर्मर आणि मग मी, असा क्रम लागल्यावर लाकूड बाहेर कंपाउंडमध्ये उभं करावं लागलं असतं, आणि कंपाउंडमध्ये कुंडी ठेवली तरी आमचे सेक्रेटरी पत्र पाठवतात. कार्ट्रिज संपली तर? तर नवऱ्याचा मावसभाऊ न्यू जर्सीहून येईल तेव्हा आणेल. तो येताना चॉकलेटं आणि बदाम आणतो. त्याच्या बॅगेत हा ताणलेल्या स्प्रिंगचा काळा डबा सापडला आणि सिक्युरिटीवाल्याने हे काय आहे विचारलं की तो बिचारा सांगणार, वहिनीच्या बोटांसाठी आहे.

आणि पावसाळा. चांगलं भिजलेलं लाकूड वीज वाहतं, त्यालाही ब्रेक बोट समजू शकतो, तसंच चौकटीतला विसरलेला खिळा ब्लेडला लागताना टेबललाही टेकला तरी. म्हणून मशीनला बायपासची सोय दिलेली असते, ब्रेक बंद ठेवून कापायचं. माझं लाकूड कुठलं? जुन्या चौकटींचं, खिळ्यांनी भरलेलं, जून ते सप्टेंबर भंगारवाल्याच्या ताडपत्रीखाली गळत पडलेलं. म्हणजे वर्षातले चार महिने मी नव्वद हजारांची सेफ्टी चावी फिरवून बंद करणार आणि वर सुरक्षित आहे म्हणून जरा जास्तच आरामात हात घालणार.

पण मला खरं थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तो ब्रेक बोट लागल्यावर काम करतो. दाराला जो पोचा आलाय तो बोटाने आलेला नाही. किकबॅकला ब्रेक काही करत नाही, त्याला लागतो रायव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडच्या अगदी मागे उभा असलेला, ब्लेडबरोबर वरखाली होणारा पोलादी पत्रा. जाडीला ब्लेडच्या अंगापेक्षा जास्त पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी. चीर मिटायला लागली की हा मध्ये उभा, लाकूड मागच्या दातांपर्यंत पोचतच नाही. त्यात सिग्नल नाही, सेन्सर नाही, पेटंटची केस नाही. सॉस्टॉपमध्येही तो असतोच, पण तो साध्या बऱ्या मशीनमध्येही असतो, २३० व्होल्टच्या, ज्याचं ब्लेड, बेल्ट, कार्बन ब्रश सगळं नागदेवीच्या गल्लीत मिळतं. मला पाच मिलिसेकंदांचा मोह अजून सुटलेला नाही, लॉटरी लागली तर घेईन, पण एवढ्या पैशात आधी तो पत्रा, वर गार्ड, ढकलायला काठी आणि गुडघ्याने बंद करता येईल असा मोठा लाल स्विच.

मग जोगेश्वरीचा एक कॉन्ट्रॅक्टर सापडला, काम बंद करून गावाला चाललेला. दहा इंची टेबल सॉ, बावीस हजार. मशीन बघितलं, मोटरचा आवाज स्वच्छ, फेन्स सरळ, आणि ब्लेडच्या मागे बघितलं तर मोकळं. गार्डही नाही. जुनं मशीन घेताना ही एक गंमत कळली, सगळं मिळतं, सेफ्टीचा भाग तेवढा मिळत नाही, कारण पहिल्याच दिवशी तो ‘मध्ये मध्ये येतो’ म्हणून काढून ठेवतात आणि दुसऱ्या दिवसापासून तो कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. एका दुकानदाराला मी रायव्हिंग नाइफ मागितला तर त्याने आधी चाकू दाखवले, मग सुरे, मग चष्मा. म्हणाला सेफ्टीसाठी हेच नेतात सगळे.

मी कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, ‘गार्ड हरवला का?’

‘हरवतोय कशाला, मॅडम? आहे ना.’ त्याने माळ्यावरून खोका काढला. आत थर्माकोल, थर्माकोलमध्ये प्लास्टिकची पिशवी, पिशवीला कंपनीची टेप जशीच्या तशी, आणि आत गार्ड, रायव्हिंग नाइफ, ढकलायची काठी सगळं चकाचक. ‘एकदम नवं. एवढ्या वर्षांत कधी लावलंच नाही. याचे पाच हजार वेगळे.’

‘वेगळे? मशीनबरोबरच येतं ते!’

‘मशीन जुनं आहे मॅडम, हे नवं आहे.’

याला उत्तर नव्हतं. नवरा पुढे झाला. म्हणाला, तुमचे हात दाखवा. कॉन्ट्रॅक्टरने दाखवले, दहाच्या दहा, आणि वर म्हणाला बघा, मशीन लकी आहे. म्हणजे आता लकचेही पैसे लागायची वेळ. नवरा पर्सोनेलवाला, त्याने सूर बदलला, १९२३ पासून सुरुवात केली, यादी समजावली आणि शेवटी म्हणाला, निदान एका करंगळीचे सात टक्के तरी कमी करा. कॉन्ट्रॅक्टरला हे सगळं भलतंच आवडलं, तो आपली बोटं एकेक करून चाचपत होता, टक्के विचारत होता, आणि पंचवीस हजार एकशे दहावर खोक्यासकट सौदा जमला. टेम्पो ठरला. तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, त्यांना मशीन दाखवलं, खोका दाखवला, भाव कसा पाडला ते नवऱ्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

‘अरे,’ त्या म्हणाल्या, ‘करंगळीपासून कोण सुरुवात करतं? अंगठा मागायचा ना आधी!’