‘मूल उचलून का नेत नाही?’

शेजारच्या घरात मुलाला बेदम मारहाण होते म्हणून १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवणारे सद्गृहस्थ, आम्ही सामाजिक कार्यकर्ते दारात पोहोचताच ‘आता मूल उचलून न्या, वाट कसली पाहता?’ असे फर्मावतात, तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. सामाजिक कार्यकर्त्याला कुलूप तोडून घरात शिरता येत नाही आणि पालकांना अटकही करता येत नाही. त्यासाठी पोलीसच लागतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते आणि ते घरी परतेल की बालगृहात जाईल, हे ती समितीच ठरवते. आमच्या वाट्याला येतो तो सामाजिक चौकशी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची समितीसाठी केलेली पाहणी. बरे, त्या अहवालासाठी पाठीवरच्या वळांबद्दल विचारायला गेलो, की हेच सद्गृहस्थ ‘आमचे नाव मध्ये आणू नका, रोज तोंड पाहायचे आहे’ म्हणत दाराला आतून कडी लावतात. उद्या समितीने मूल आईच्या ताब्यात दिले, तर ‘पैसे खाल्ले असतील’ असा शेरा जिन्यात उभे राहून मारणारेही हेच!