रात्री बांदीपूरमधून ऊटी? तो मेसेज चुकीचा आहे

तो ऊटी ट्रिपवाला मेसेज फिरतोय ना, "मैसूरहून रात्री 10 ला निघा, बांदीपूरचा रस्ता रिकामा मिळतो, पहाटे ऊटीत चहा", तो प्लीज पुढे पाठवू नका. बांदीपूरच्या जंगलातनं जाणारे दोन्ही हायवे, ऊटीला जाणारा गुडलूरकडचा आणि केरळात जाणारा वायनाडकडचा, रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतात, आजचं नाही, 2009 पासूनचं आहे हे. प्राणी गाड्यांखाली मरायचे म्हणून केलंय. अँब्युलन्स आणि मोजक्या सरकारी बस सोडतात, बाकी आपण जंगलाच्या गेटवर गाडीत डुलक्या काढायच्या. आणि कुणी म्हणेल मग सत्यमंगलमकडनं वळसा घालू, तर त्या रस्त्यावरच्या दिंबम घाटातही 2022 पासून रात्रीची बंदी आहे, तेव्हा तो जुगाडही गेला.

मेसेजमध्ये दुसरं काय तर "मसिनगुडीवरून शॉर्टकट मारा, येताना पण तोच". जाताना ठीक, पण त्या रस्त्यावरच्या कल्हट्टी घाटात 36 हेअरपिन वळणं आहेत आणि चढ असा की फर्स्ट गिअरही रडतो. उतरताना ब्रेक तापून इतके अपघात झालेत की बाहेरच्या गाड्यांना तिथून खाली सोडत नाहीत, येताना गुडलूरवरूनच यायचं, लांब पडतं पण इलाज नाही.

कोल्हापूर-पुण्याहून एका दमात जाणाऱ्यांनो, मैसूरला मुक्काम करा, सकाळी 6 ला गेटवर. हत्तीही तेव्हाच दिसतात, रात्री काय दिसणार कप्पाळ! आणि ऊटीचा ई-पास, म्हणजे तिथे गाडी न्यायचा ऑनलाइन परवाना, आधी काढून ठेवा, फुकट असतो.