कार्निव्हलवरचा तो फॉरवर्ड

फेब्रुवारी उजाडला की दादर-गिरगावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच मेसेज फिरू लागतो: ‘गोव्याचा कार्निव्हल म्हणजे पोर्तुगीजांनी लादलेली साडेचारशे वर्षांची परेड. त्यात आपलं काहीच नाही. दारू पिऊन धिंगाणा, तोही पर्यटकांसाठी.’

आधी परेड. कार्निव्हलचा मानाचा राजा मोमो, चित्ररथ, पणजीतली मिरवणूक हे सगळं 1965 पासूनचं. पणजीच्या तिमोतेओ फर्नांडिस यांनी त्यात पुढाकार घेतला. पोर्तुगीज 1961 मध्येच गेले होते, तेव्हा ती लादली कोणी? जुना आहे तो गावोगावचा इंत्रूज. ईस्टरपूर्वीचे ख्रिस्ती उपासाचे चाळीस दिवस लागण्याआधी एकमेकांवर पीठ, पाणी, रंग उडवायचे. हा पोर्तुगीजांबरोबर आला, कबूल.

पण म्हणून ‘आपलं काहीच नाही’? गोव्याच्या सासष्टी तालुक्यातलं चांदर गाव घ्या. कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच. तिथले चार्डो जातीचे ख्रिस्ती कार्निव्हलच्या सोमवारी रात्री मुसळखेळ करतात. डोक्याला पागोटं, पायात घुंगरू, हातात लांबलचक मुसळं. घरोघर जायचं, ताल धरून मुसळं जमिनीवर आपटायची आणि कोंकणीतून गायचं. गाण्यात नाव येतं विजयनगरच्या हरिहराचं! बाप नाचला, आता मुलगा नाचतो. कार्निव्हलच्या रात्री हरिहराचा जयजयकार करणाऱ्यांना फिरंग्यांची नक्कल कोणत्या तोंडाने म्हणायची?

त्याच सासष्टीत या दिवसांत ‘खेळ’ होतात. रंगमंच नाही, पडदा नाही. गावातली मंडळी उघड्यावर गाणी आणि नाट्यप्रवेश करतात. असले खेळ बघत वाढलेले गोंयकार पोटापाण्यासाठी मुंबईत आले, धोबीतलावच्या कूडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, राहिले, आणि 1892 मध्ये पहिलं तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोंकणी नाटक, झालं ते इथेच, मुंबईत. मेसेज पुढे ढकलणाऱ्याला हे आपल्याच शहरातलं ठाऊक नसावं.

दारूचं म्हणाल तर पितात, नाही कशाला म्हणू? शिमग्याला कोकणात जाणारे आपले सगळे चाकरमानी काय ताक पिऊन पालखी नाचवतात? तरी शिमगा म्हणजे दारू, असं आपण म्हणत नाही.

आणि पर्यटकांसाठी म्हणाल, तर चित्ररथ आहेतच पर्यटकांसाठी, यात लपवण्यासारखं काही नाही. काही आठवड्यांनी पणजीत शिगम्याचेही सरकारी चित्ररथ निघतात. त्यावरचा फॉरवर्ड अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही.